फोन आपला, पण त्यातलं आपलं किती? गावाकडचे नेहमीचे प्रश्न

आमचं सेवा केंद्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका फाट्यावर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा ही माझी कामं. बाजूच्या टेबलावर माझा भाऊ मोबाईल दुरुस्त करतो. अलीकडे दाखल्यापेक्षा फोनाचेच प्रश्न जास्त येतात. आठवडी बाजाराच्या दिवशी तर एकच प्रश्न मी सात-आठ जणांना समजावून सांगते, म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

ताई, फोन माह्या पैशाचा हाये. मंग त्यातलं सगळं माहं नाई काय?

हातातलं यंत्र तुमचं. आतलं सगळं तुमचं नाही.

वावराच्या भाषेत सांगते. एक वावर आपल्या सातबाऱ्यावर असतं. दुसरं मक्त्यानं केलेलं असतं. त्यात पेरता येतं, पीकही आपलं, पण मालक म्हणाला की पाडव्याला सोडावं लागतं. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हाट्सॲपवरचं खातं हे मक्त्याचं वावर आहे. तुम्ही काढलेला फोटो, बोललेला आवाज, लिहिलेला मजकूर हे तुमचं पीक. ते तिथंच पडून राहिलं आणि वावर सुटलं तर पीकही जातं. म्हणून पीक घरी आणून ठेवायचं. पुढची बरीचशी उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

जीमेल दुकानवाल्यानं बनवून देल्लं. पासवर्ड मले माईत नाई. काही बिघडते काय?

बिघडतं. या पानावर दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

फोन घेताना दुकानात गर्दी असते. दुकानदार तुमच्या नावापुढे चार आकडे जोडून जीमेल तयार करतो, मनानंच पासवर्ड टाकतो आणि फोन हातात देतो. सुरुवातीची दोन वर्षं मीही हेच करत होते. गिऱ्हाइकाला घाई, मलाही घाई. आपण त्या माणसाच्या घराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकतो आहोत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ते कळलं आमच्याच घरात. माझे बाबा 2021 च्या उन्हाळ्यात गेले. त्यांना लिहायचा कंटाळा होता, म्हणून व्हाट्सॲपवर ते बोलूनच निरोप पाठवत. ‘पऱ्हाटीले डवरण झालं’, ‘गाय व्याली, गोऱ्हा झाला’, ‘येतानी बीपीच्या गोया आनजो’. दोन महिन्यांनी त्यांचा फोन भाच्याला ऑनलाइन शाळेसाठी द्यायचं ठरलं आणि आम्ही तो रिसेट करून घेतला. बॅकअप आहे म्हणून निर्धास्त होतो. बॅकअप होताही. पण तो ज्या जीमेलला बांधलेला होता त्याचा पासवर्ड ते जीमेल बनवणाऱ्या दुकानदारालाही आठवेना. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर दुकानात कामाला असलेल्या पोराचा निघाला, आणि ते पोरगं कधीचंच पुण्याला गेलं होतं. बाबांनी आईला, मामांना, सोयऱ्यांना पाठवलेले निरोप आम्ही शोधत फिरलो. बहुतेकांनी फोनात जागा नाही म्हणून पुसून टाकले होते. माझ्याकडे आलेले चौदा उरले. ते आता तीन ठिकाणी ठेवले आहेत.

म्हणून फोन चालू आहे तोवर हे करून घ्या. सेटिंगमध्ये जाऊन आपलं जीमेल कोणतं ते बघा आणि कागदावर लिहा. पासवर्ड माहीत नसेल तर ‘पासवर्ड विसरलो’ या वाटेनं नवा ठेवा. खातं त्याच फोनवर उघडं असेल तर हे बहुधा जमून जातं. फोन फुटला, हरवला किंवा रिसेट झाला की ही वाट जवळपास बंद होते. नंतर खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर तपासा. तो तुमचा किंवा घरच्याच माणसाचा असावा. पासवर्ड सातबारा आणि पासबुक ठेवता त्या पिशवीत, वहीत लिहून ठेवा. ‘कुठं लिहू नका’ असं शहरातले सांगतात, पण आपल्याकडे पासवर्ड चोरणाऱ्यापेक्षा विसरणारे कितीतरी जास्त आहेत.

दोन गोष्टी आणखी. गुगलचं फुकट खातं 15 जीबीचं असतं. त्यात मेल, फोटो आणि आता अँड्रॉइडवरचा व्हाट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. जागा भरली की नवा बॅकअप थांबतो. आणि दोन वर्षं ज्या खात्याकडे कोणी फिरकलं नाही ते पुसण्याचा नियम गुगलनं डिसेंबर 2023 पासून लागू केला आहे.

नंबर दहा वर्षांचा हाये. रिचार्ज नाई मारला त जाते काय?

जातो. नंबर आपल्या मालकीचा नसतो, कंपनीनं वापरायला दिलेला असतो. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिच्या नियमानुसार प्रीपेड नंबर 90 दिवस काहीच वापर नसल्याशिवाय कंपनीला बंद करता येत नाही. त्यानंतरही खात्यात किमान 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत वाढते. पण एकदा कायमचा बंद झाला की किमान 90 दिवसांनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला देता येतो. मग बँकेचा ओटीपी त्या परक्या माणसाकडे जायला लागतो. व्हाट्सॲपचं खातं 120 दिवस वापरलं नाही तर तेही पुसलं जातं.

तूर विकली की रिचार्ज मारू, असं म्हणून तीन-चार महिने नंबर बंद ठेवणारे माझ्याकडे दर वर्षी येतात. दोन सिम असतील तर बँक, आधार आणि व्हाट्सॲप ज्या नंबरवर आहे तो कोणता, हे नक्की करा आणि तेवढा एक तरी जिवंत ठेवा. नंबर बदलायचाच असेल तर जुना चालू असतानाच व्हाट्सॲपमधलं ‘नंबर बदला’ वापरा. आधी बँकेत जा, मग जुनं सिम काढा.

आमचे काकाजी वारले. त्यायचं फेसबुक अजूनबी दिसते, वाढदिवसाचे मेसेज येतात. काय करावं?

काकाजींचं खातं फेसबुकला कळवून ‘स्मरणार्थ’ करता येतं. मृत्यूचा दाखला किंवा तसा दुसरा पुरावा मागतात. त्यानंतर वाढदिवसाची आठवण जात नाही, जुने फोटो मात्र राहतात. जिवंतपणीच खात्याचा वारस नेमायचीही सोय आहे. त्या माणसाला फोटो बदलता येतो, वर एक सूचना लावता येते, पण खासगी संदेश वाचता येत नाहीत. मला हे योग्य वाटतं. मेलेल्या माणसाचंही काहीतरी झाकलेलं राहावं.

गुगलमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ आहे. 3 ते 18 महिने खातं हललं नाही तर दहा जणांपर्यंत कोणाला कळवायचं, काय द्यायचं, हे आधीच लिहून ठेवता येतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आपल्या माघारी आपले हक्क कोणी बजावायचे ते नेमण्याचा अधिकार कलम 14 मध्ये दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत.

पण खरं काम घरचं आहे. माणूस गेला की तेरवीपर्यंत फोन कोणालाही देऊ नका. रिचार्ज चालू ठेवा. फोनात व्हाट्सॲपच्या फोल्डरमध्ये आवाजाच्या निरोपांचा वेगळा फोल्डर असतो, तो आहे तसा पेनड्राइव्हवर उचलून घ्या. हे काम मी कोणाकडूनच पैसे घेऊन करत नाही.

फेसबुकवर फोटो टाकला की थो त्यायचा होते म्हनतात. खरं हाये काय?

नाही. फोटोवरचा हक्क तुमचाच राहतो. पण टाकताना तुम्ही कंपनीला तो दाखवण्याची, साठवण्याची, तिच्या सेवेत वापरण्याची परवानगी देता, आणि ती जगभरासाठी, एक पैसा न घेता. फोटो काढून टाकला की ती परवानगी संपते, पण दुसऱ्यानं पुढे पाठवलेली प्रत तशीच फिरत राहते. ‘मी फेसबुकला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही’ असा लांबलचक मजकूर भिंतीवर चिकटवून काहीही होत नाही. तो दर दोन-तीन वर्षांनी फिरतो. पुढे पाठवू नका.

पोरीच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफर देऊन नाई राह्यला. म्हनते हक्क माहा हाये.

हा प्रश्न तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो तो थेट मृग लागेपर्यंत.

इथं कायदा तुमच्या बाजूनं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की एखाद्यानं मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देऊन फोटो काढून घेणारा. म्हणजे पोरीचा बाप. लग्नाच्या व्हिडिओलाही हेच लागू. तुमच्या पोरीचे मेंदीचे फोटो फोटोग्राफरनं आपल्या इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून लावायचे असतील तर त्यानं आधी विचारायला पाहिजे. घरातल्या बायांना तर विचारायलाच पाहिजे.

दुसरी बाजूही लिहिते, कारण आमच्याकडचे फोटोग्राफर काही श्रीमंत लोक नाहीत. त्यांचे पैसे थकलेले असतात म्हणून ते फोटो अडवतात. इसार देतानाच एका कागदावर लिहा: एकूण रक्कम किती, फोटो किती दिवसांत, मूळ फाइल मिळणार की फक्त अल्बम, इन्स्टाग्रामवर लावायचे की नाही. दोघांच्या सह्या. आणि मूळ फाइल मागून घ्याच. हार्डडिस्क बसली की फोटोग्राफरच्याही हातात काही राहत नाही.

आमच्या इकडे झाडीपट्टीचं नाटक मोबाईलवर काढून यूट्यूबवर टाकलं, तं कंपनीवाले भांडाले आले. आमी तिकीट काढलं होतं ना?

लाखांदूरकडच्या एका पोरानं हे विचारलं. इकडे सोयरिकीत आला होता.

तिकीट बघण्याचं असतं. नाटकाचे शब्द लेखकाचे, आणि रंगमंचावर काम करणाऱ्या कलाकारालाही कायद्यात आपला वेगळा हक्क आहे. त्याच्या संमतीशिवाय प्रयोग टिपून लोकांना दाखवता येत नाही. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात रात्र-रात्र नाटकं होतात. वडसा देसाईगंजला कंपन्यांची कार्यालयं आहेत. त्या चार महिन्यांच्या हंगामावर लेखक, पेटीवाला, नट-नट्या, पडदा ओढणारा अशा कितीतरी घरांची चूल चालते. पूर्ण नाटक फुकट दिसलं तर पुढच्या गावी मंडपात कोण येईल? आता बऱ्याच कंपन्या स्वतःच्या चॅनेलवर नाटकं टाकतात, तिथं जाऊन बघा. तुमच्याकडे काढलेलं असेल तर ते कंपनीला द्या. जुन्या प्रयोगांचं चित्रण बहुतेकांकडे नसतं, त्यांना त्याची किंमत आहे.

भजन मंडळानं तुकोबाचा अभंग टाकला तरी कॉपीराइटचा दावा आला. तुकोबाचा मालक कोन झाला?

कोणीच नाही. अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण एखाद्या कंपनीनं ध्वनिमुद्रित केलेला आवाज प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं तिचा असतो. तुमच्या व्हिडिओत मागं लाऊडस्पीकरवर तयार गाणं वाजत असेल तर दावा बरोबर आहे. मंडळानं स्वतः टाळ-मृदंगावर म्हटलं असेल आणि तरी दावा आला असेल तर ती यंत्राची चूक आहे. चाल जुळली की यंत्र फसतं. यूट्यूबवर त्याला हरकत घेता येते. घ्यावीच. गप्प बसलं तर त्या व्हिडिओची कमाई दावा करणाऱ्याकडे जाऊ शकते.

टिकटॉकवरचे माहे व्हिडिओ परत भेटतीन काय?

29 जून 2020 ला सरकारनं 59 ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. ज्यांनी आपले व्हिडिओ गॅलरीत उतरवले होते त्यांचे राहिले. आमच्या गावातल्या दोन भावांनी बैलपोळ्याचे, शंकरपटाचे दीड-दोनशे व्हिडिओ केले होते. एकही हातात उरला नाही. त्यात दिसणाऱ्या बैलजोडीतला एक बैल आता नाही. आज रील करता त्यांनी प्रत्येक रीलची मूळ प्रत फोनाबाहेर ठेवा.

ग्रुपमध्ये कोनी काही टाकलं तं ॲडमिनले पोलीस धरते काय?

फक्त ॲडमिन आहे म्हणून नाही. गोंदिया जिल्ह्यातल्याच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलं की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन जबाबदार नाही, दोघांचा मिळून तसा इरादा असल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी. तरीही घाण मजकूर दिसला की तो काढणं आणि टाकणाऱ्याला बाहेर करणं हे ॲडमिनचं काम मी मानते. ग्रुप गावाचा असतो, त्यात आपल्या माय-बहिणी असतात.

मेमरी कार्ड बरं का गुगलवर ठेवलेलं बरं?

यावर गावात दोन तट आहेत. जुनी माणसं कार्डाची. नेट नसलं तरी गाणं वाजतं, पावसाळ्यात लाइट गेली आणि मागून टॉवर गेला तरी फोटो दिसतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पोरं म्हणतात कार्ड खराब होतं, गुगलवर टाकलं की चिंता नाही. तेही खरं, वरची जीमेलची गोष्ट सोडली तर. माझं मत, महत्त्वाचं ते दोन्हीकडे. मेमरी कार्ड मी सांभाळण्याची जागा मानतच नाही, दुकानात रोज एक तरी मेलेलं कार्ड येतं. वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई काढता तेव्हा, निवडक फोटो पेनड्राइव्हवर घ्या. आणि पाच-पंचवीस फोटो कागदावर छापून घ्या. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, वर्ध्याच्या स्टुडिओतला, कागदावरचा. तो अजून दिसतो.

मंग इकत घेतलेलं पुस्तक, गानं, सिनेमा तरी आपलं असते ना?

ॲपमधून घेतलं असेल तर बहुतेक वेळा तुम्ही वाचण्याचा परवाना घेतलेला असतो. 2009 मध्ये ॲमेझॉननं लोकांच्या किंडल या पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून विकलेली दोन पुस्तकं दुरूनच काढून घेतली होती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, पण रात्रीतून कपाट रिकामं झालं. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुस्तकांचं दुकानच बंद केलं. तेव्हाही पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 2025 पासून कायदा आहे की परवानाच विकत असाल तर ‘विकत घ्या’ लिहिताना ते स्पष्ट सांगा. आपल्याकडेही असं सांगायची सक्ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. ग्रामपंचायतीच्या वाचनालयातलं फाटकं पुस्तक कोणी दुरून ओढून नेत नाही.

व्हाट्सॲप फुकट हाये, मंग कंपनीले काय भेटते?

तुम्ही काय लिहिलं ते कंपनीला वाचता येत नाही, दोन टोकांच्या मधे ते कुलूपबंद असतं. पण कोण कोणाशी किती वेळा बोलतो, कोणता फोन वापरतो, ही माहिती मिळते आणि जाहिरातीच्या धंद्याला तिची किंमत मोठी आहे. 2021 मध्ये व्हाट्सॲपनं नवं धोरण ‘मान्य करा’ म्हणून पुढे केलं होतं, आठवत असेल. त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर 2024 मध्ये व्हाट्सॲपची मालक कंपनी मेटाला 213.14 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली. आपल्यासारख्यांनी घाईत दाबलेल्या एका बटनाची किंमत एवढी मोठी होती, हे मी लोकांना मुद्दाम सांगते.

कर्जाच्या ॲपनं सगळ्या सोयऱ्यायले फोन लावले. त्यायले नंबर कसे भेटले?

तुम्हीच ‘संपर्क पाहू द्या’ ला हो म्हटलं म्हणून. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 मध्येच सांगितलं आहे की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनातले संपर्क, कॉलची यादी, फोटो-फाइली यांना हात लावू नये. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा, ठिकाण वगैरे एकदाच, तेही तुमच्या संमतीनं. जो ॲप संपर्क मागतो तो नियम मोडतो आहे, तिथंच थांबा. धमक्या येत असतील, फोटो बिघडवून पाठवत असतील तर लाजू नका, 1930 वर फोन लावा आणि पोलीस ठाण्यात जा. पेरणीच्या तोंडावर पैशाची निकड काय असते हे मी रोज पाहते. अशा फोनापायी कोणाच्याही मनात जिवाचं बरंवाईट येऊ नये. माझ्याकडे या, कितीही वाजले तरी.

फेसबुकवर पाहून बॅटरीचा फवारणी पंप मांगवला, आला भलताच.

जाहिरातीचा फोटो, पैसे दिल्याची पावती, पार्सलवरचा पत्ता, उघडतानाचा व्हिडिओ हे सगळं ठेवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता सुरतचा असो की दिल्लीचा. 5 लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही, मुदत 2 वर्षांची. वकील लागतोच असं नाही.

बियाणं मात्र फेसबुकवरून घेऊ नका. चोर बीटी, म्हणजे मान्यता नसलेलं कापसाचं बियाणं, अशीच पाकिटं बदलून येते. तिला पावती नसते, आणि उगवलं नाही तर तक्रार कोणावर करणार?

हप्त्यावरचा फोन हप्ता थकला म्हनून आपोआप बंद पडला.

कर्ज देणाऱ्यानं त्यात कुलूप लावणारं ॲप टाकलेलं असतं, आणि सही करताना ते कागदात लिहिलेलं असतं. शेवटचा हप्ता भरल्यावर ‘काही बाकी नाही’ असं पत्र घ्या आणि ते ॲप काढून घ्या. नाहीतर फोन फिटला तरी कुलूप राहतं. दुरुस्तीचं म्हणाल तर डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ‘दुरुस्तीचा हक्क’ नावाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची माहिती तिथं आहे. तरी सुटा भाग नागपूरहून येईस्तोवर आठवडा जातो, हे आमचं रोजचं दुखणं आहे.

सीसीआयले कापूस द्याचा तं ओटीपी दुसऱ्याच्याच फोनावर जाते!

2025-26 च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. तेव्हा किती शेतकऱ्यांच्या कागदांना पुतण्याचा, सरपंचाचा, नाहीतर केंद्रवाल्याचा नंबर जोडलेला आहे ते उघड झालं. कापूस बंडीत भरून उभा आणि ओटीपी मुंबईला असलेल्या पुतण्याकडे. आधार, बँक, शेतकरी ओळख क्रमांक, सगळीकडे स्वतःचा नंबर टाकून घ्या. साधा बटनाचा फोन असला तरी ओटीपी येतो. आणि कोणत्याही केंद्रवाल्याला, मलासुद्धा, आपला नंबर टाकू देऊ नका.

फोन घरात एकच, मालकाच्या नावाचा. बचत गटाचं काम मी करते. तो फोन माहा म्हनू काय?

सिम ज्याच्या नावावर, नंबर त्याचा. बचत गटाची सचिव असलेल्या बाईचा नंबर नवऱ्याच्या नावावर असला आणि उद्या भांडण झालं, तर गटाचे मेसेज आणि बँकेचे ओटीपी दोन्ही जातात. मावशी, आपल्या आधारवर एक सिम घ्या. मी पाहिलं आहे, स्वतःचा नंबर झाला की बाई बँकेत खुर्चीवर बसून बोलते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते ‘संचार साथी’ वर दिसतं. फोन चोरीला गेला तर तो तिथूनच बंदही करता येतो. त्यासाठी फोनाचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो, तो बिलावर असतो. बिल जपा.

पोट्ट्यायच्या हातून मोबाईल काढावा काय?

पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबर 2022 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला होता. गावानं एकत्र बसून विचार केला याचं मला कौतुक आहे. पण पूर्ण बंदी मला पटत नाही, कारण शाळेचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळं त्यातच आलं आहे. आमच्या घरी जेवताना आणि रात्री नऊनंतर फोन चुलीमागच्या कोनाड्यात. मोठ्यांचेही. भाच्यानं पहिल्या आठवड्यात लय आरडाओरड केली, आता तो स्वतःच ठेवतो.

जुना फोन इकाचा हाये.

आधी फोटो आणि व्हाट्सॲप उतरवून घ्या, पासवर्ड माहीत असल्याची खात्री करा, मग जीमेल काढा आणि शेवटी रिसेट. क्रम चुकवू नका. बँकेची ॲपं राहिली असतील तर तीही आधी काढा.

हे सगळं कराले किती वेळ लागते?

जीमेलचा पासवर्ड, परतीचा नंबर, फोटोंची प्रत एवढं धरलं तर एका फोनाला पाऊण तास. बाजाराच्या दिवशी येऊ नका, गर्दीत मला नीट बसता येत नाही. बुधवारी किंवा शुक्रवारी दुपारी दोननंतर या. सोबत चार्जर, आधार, एक वही आणि रिकामा पेनड्राइव्ह आणा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांनाही घेऊन या, त्यांच्या फोनाला मी आधी हात लावते.